खालचा थर

वागळे इस्टेटीत चौतीस वर्षं मी रंग जुळवले.
कुणी बसचा पत्रा पाठवायचं, कुणी कपाटाची फळी,
एकदा तर एका बिल्डरच्या बायकोने
लिपस्टिक लागलेला कप पाठवला होता.
थेंब थेंब काळा टाकत मी जुळा काढून द्यायचो.
दिवसाच्या उजेडात बघायचं, ट्यूबलाइटखाली,
परत दिवसाच्या उजेडात.
चुकलो नाही फारसा.

आणि इथे चरईत, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत
आयरे सर माझ्या हातातून ब्रश काढून घेतात.
"कातडीचा रंग असा रंग नसतो हो.
डोळे बारीक करा. अजून. झोप आल्यासारखे.
आता सांगा, नाक दिसतंय?"
नाही दिसत.
"मग काढताय कशाला?"

दिसते ती नाकाखालची सावली. तेवढी काढायची.

रंग तर नाहीच अजून.
आधी मातकट अस्तर, तेही चिंधीने अर्धं पुसून,
मग करडा, नुसता करडा, श्रावण ते दिवाळी.
रोडका थर खाली, तेलकट वर;
उलटं केलं तर तडे जातात,
तेही दहा वर्षांनी, तक्रार कुणाकडे करणार.
ठाण्याच्या हवेत जवसाचं तेल वाळता वाळत नाही.
बोट लावून बघतो, तर बोटाला गाल लागतो.
खाली कुणाची ज्वारी पडली की ईझल थरथरतो,
ओल्या कपाळावर पीठ बसतं.
सर म्हणतात, बसू दे,
तिच्याही बसतंच आहे.

ती म्हणजे हौशीबाई नाखवा, चेंदणी कोळीवाडा.
तासाला दोनशे आणि चहा.
बाजार उरकून, हात लिंबाने घासून येते,
खुर्चीत बसते ती होडीत बसल्यासारखी, पाय रोवून.
"बसाचं पैसं!" पहिल्या दिवशी हसली होती,
"आमच्या म्हाताऱ्याला सांगाया पायजे,
तो फुकट बसतो."

सहाव्या की सातव्या गुरुवारी
कप हातात घेऊन ती माझ्या मागे येऊन उभी राहिली.
बराच वेळ.
खालची गिरणी सुरू झाली, बंद झाली.
मग म्हणाली, "ही मी नाय. ही चांगुना हाय."

चांगुणा, धाकटी. माहेर सारसोळ्याचं,
तिला तिथेच दिलेली.
साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटवरून बोलणं तुटलं.
सही कुणाची, ते हौशीबाईने सांगितलं नाही,
अकरा वर्षं एवढंच सांगितलं.
मधे एक खाडी. बसने तास, दीड तास.

सरांनी येऊन पाहिलं, ब्रशचा दांडा आडवा धरून मोजलं.
"खालचा ओठ. सूतभर वर गेलाय.
माणूस सुताने बदलतं. खरवडा."

चौतीस वर्षांत चुकलेला डबा मी बाहेर जाऊ दिला नव्हता.
सुरी हातात घेतली.
हौशीबाई खुर्चीत परतली नव्हती,
त्या ओल्या ओठाकडे बघत होती,
दारात आलेल्या माणसाकडे बघतात तशी,
ये म्हणावं की म्हणू नये.

सुरी पुसून ठेवली.
सरांना म्हटलं, डोकं दुखतंय,
आणि लवकर घरी गेलो.

दोन गुरुवारांनी ओठ वाळला.
त्याच्यावर सूतभर खाली मी हौशीबाईचा ओठ काढला.

आता गेरू चढतोय, हिंगुळ, कानापाशी थोडा हिरवाही,
सरांनी सांगेपर्यंत मला तो दिसला नव्हता.
ती उठून बघते. "हां. मीच," म्हणते
आणि चहा संपायच्या आत खुर्चीत जाऊन बसते.

परवा ब्रश धुताना सर म्हणाले,
तेलरंग म्हातारा झाला की आरपार दिसायला लागतो,
झाकलेली रेघ वर येते.
किती वर्षांनी?
"पन्नास. साठ. जाड लावलात तर नाहीच."

मी ओठाला पातळच लावतो.